दीडशे मीटरवरचं बोलणं ऐकणारा मायक्रोफोन अ‍ॅरे सोसायटीने घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २४० फ्लॅटची सोसायटी, मागे नाला आणि मोकळा प्लॉट. वर्षभरात दोनदा एसीचे तांब्याचे पाइप गेले, एकदा फायर हायड्रंटच्या पितळी नोझल गेल्या. कॅमेरे आहेत, पण मागे अंधार, त्यामुळे चोरी कळते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आता एका विक्रेत्याने साठ सेंटिमीटरची गोल तबकडी सुचवली आहे. तिच्यात ६४ मायक्रोफोन आणि मधोमध कॅमेरा. एकत्र काम करणाऱ्या अशा मायक्रोफोनांच्या संचाला अ‍ॅरे म्हणतात. स्क्रीनवर जिथे बोट ठेवाल तिथलं बोलणं दीडशे मीटरपर्यंत ऐकू येईल, असं त्याचं म्हणणं. सेक्रेटरी विचारतात, घ्यावं का?

मी एकोणीस वर्षं कारखाने, गोदामं आणि मोठ्या आवारांसाठी कॅमेरे आणि आवाजाच्या यंत्रणा बसवतो. त्यातली शेवटची नऊ वर्षं मायक्रोफोन अ‍ॅरेचं काम करतो. माझं उत्तर आधीच सांगतो. बोलणं ऐकण्यासाठी घेऊ नका. चोरी चालू असतानाच कळावी आणि कॅमेरा त्या दिशेला वळावा, एवढ्यासाठी लहान अ‍ॅरे घेतलात तर तो उपयोगी पडेल. असं का म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण विक्रेत्याशी तुम्हालाच बोलायचं आहे.

हे यंत्र म्हणजे आवाजाची दुर्बीण असं बहुतेकांना वाटतं. तसं ते नाही. ते लांबचा आवाज जवळ आणत नाही, बाकीच्या दिशांचा गोंगाट थोडा मागे ढकलतं. ढोल पथक आठवा. रस्त्यावर चौतीस मीटर लांब रांग उभी आहे आणि तुम्ही रांगेच्या एका टोकाला, रांगेच्या रेषेतच उभे आहात. सगळ्यांचं टिपरू एकाच क्षणी पडतं, पण आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो, म्हणून पलीकडच्या टोकाचा ठोका तुमच्या कानावर सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. अ‍ॅरेमध्ये हेच उलट्या बाजूने होतं. आवाज एकच, पण तो प्रत्येक मायक्रोफोनवर वेगवेगळ्या क्षणी पोचतो. ज्या दिशेचं ऐकायचं आहे तिकडून येणाऱ्या आवाजाला कुठे किती उशीर होईल याचा हिशोब करायचा, लवकर आलेल्यांना तेवढं थांबवायचं आणि मग सगळ्यांची बेरीज करायची. त्या दिशेचा आवाज एका ठेक्यात जमतो. बाकी दिशांचे आवाज एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि बेरजेत मागे पडतात. अशा तऱ्हेने एका दिशेला जो झोत तयार होतो, त्याला या धंद्यात बीम म्हणतात.

मायक्रोफोन दुप्पट केले की यातून हवा तो आवाज गोंगाटाच्या तुलनेत फार तर ३ डेसिबल वर येतो. १६ मायक्रोफोनला १२, ६४ ला १८. हे आकडे कागदावरचे आहेत, प्रत्यक्ष आवारात याहून कमीच मिळतं.

आता तुमच्या सोसायटीचा हिशोब मांडू. माणूस साध्या आवाजात बोलतो तेव्हा एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतात. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात. म्हणजे १० मीटरवर ४०, ३० मीटरवर ३० च्या आसपास, १५० मीटरवर साडेसोळा. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तुमची रात्र या मर्यादेत बसते असं धरू, तरी १५० मीटरवरचं बोलणं गोंगाटाच्या २८ डेसिबल खाली गाडलेलं आहे. ६४ मायक्रोफोनचे १८ डेसिबल पूर्ण मिळाले तरी ते दहा डेसिबल खालीच राहतं. ते नुसतं गोंगाटाच्या बरोबरीला आणायला कागदावर सातशे मायक्रोफोन लागतील आणि शब्द कळायला त्याहून पुष्कळ जास्त. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये संशोधनासाठी १०२० मायक्रोफोनचा अ‍ॅरे खरोखर बांधला होता. तुमच्या गच्चीवर तो बसणार नाही आणि बसला तरी दीडशे मीटरवरची कुजबुज काही ऐकवणार नाही.

दुसरी अडचण आकाराची आहे आणि ती पैशाने सुटत नाही. दुर्बीण छोट्या भिंगातही चालते, कारण प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान असते. आवाजाची लहर हातात मावत नाही. १००० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांची, लहर ३४ सेंटिमीटर, ३०० हर्ट्झची एक मीटरहून लांब. झोत किती अरुंद होणार हे तबकडीत किती लहरी मावतात यावर ठरतं. साठ सेंटिमीटरच्या तबकडीचा झोत ३००० हर्ट्झला ११ अंशांचा असतो आणि १००० हर्ट्झला ३४ अंशांचा होतो. त्याखाली गेलं की दिशा जवळजवळ संपतेच. दीडशे मीटरवर ११ अंश म्हणजे २९ मीटर रुंद पट्टा आणि ३४ अंश म्हणजे ९० मीटरहून रुंद. ‘बोट ठेवाल तिथलं’ या वाक्याला मग काही अर्थ उरत नाही. बोट एका माणसावर असेल, पण झोतात अख्खा प्लॉट येईल.

इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर डेंज नावाच्या जागी काँक्रीटचे प्रचंड कान अजून उभे आहेत. रडार येण्याआधी शत्रूची विमानं लांबूनच ऐकू यावीत म्हणून ते बांधले होते. त्यातली सगळ्यात मोठी वक्र भिंत २०० फूट लांब आहे. इतकी लांब का, तर विमानाच्या इंजिनाचा खर्ज पकडायचा तर भिंतही त्याच मापाची लागते. मायक्रोफोन कितीही चांगले आणा, लहर तेवढीच राहते.

याच इतिहासातून मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसते. अनेक मायक्रोफोन एकत्र वापरायची ही विद्या जिथे जिथे यशस्वी झाली, तिथे तिने ‘आवाज कुठून आला’ याचं उत्तर दिलं आहे. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग, तेच क्ष-किरणांच्या कामासाठी १९१५ चं नोबेल मिळालेले, फ्रान्सच्या आघाडीवर जर्मन तोफा शोधायचं काम करत होते. ओळीत ठेवलेल्या मायक्रोफोनांवर तोफेचा आवाज कुठे आधी, कुठे नंतर पोचला ते टिपायचं आणि त्या फरकांवरून तोफेची जागा काढायची. पुढे अमेरिकी लष्कराने गाड्यांवर खांब लावून त्यावर सात मायक्रोफोनांचा झुबका बसवला, त्याचं कामही गोळी कुठून आली हे सांगायचं. तोफ, गोळी, फुटलेली काच, लोखंड कापणारा ग्राइंडर हे सगळे मोठे आणि ठसठशीत आवाज आहेत. ग्राइंडर एक मीटरवर शंभर डेसिबलच्या आसपास असतो. शंभर मीटरवर तो ६० राहतो, म्हणजे तुमच्या रात्रीच्या गोंगाटाच्या पंधरा डेसिबल वर. त्याची दिशा आठ मायक्रोफोनही काढतील. आणि तुमचा त्रास हाच तर आहे. पाइप हॅक्सॉने कापत असतील तर आवाज बराच लहान येईल, तेव्हा अ‍ॅरे चोरीच्या जागेपासून वीस-पंचवीस मीटरच्या आत हवा. चोर आपसात काय बोलले हे कळून तुम्हाला करायचं काय आहे?

इथे एक प्रसंग सांगतो, कारण बोलणं ऐकण्याच्या कामांना मी नाही का म्हणतो ते त्यातून कळेल. एका औद्योगिक वसाहतीत भंगाराचं गोदाम होतं. माल कमी भरत होता आणि मालकाचा संशय अकरा वर्षांच्या जुन्या वॉचमनवर होता. गोदामासमोर पंचवीस मीटरवर चहाची टपरी होती, वॉचमन तिथे बसायचा. मालकाच्या सांगण्यावरून मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत ३२ मायक्रोफोनचा अ‍ॅरे लावला. टपरीवरच्या कुणाला सांगितलं नाही. तिथेच माझं चुकलं होतं आणि ते मला आजही लागतं.

चौथ्या दिवशी मालकाने मला बोलावलं. वीस सेकंदांचा तुकडा होता, मागे ट्रक, कंप्रेसर, कपांचा आवाज. मालक म्हणाला, “ऐका, सरळ म्हणतोय. शनिवारी माल काढू.” त्याने तसं सांगितल्यावर मलाही तेच ऐकू आलं, अगदी स्पष्ट. रात्री घरी बसून तोच तुकडा मी तिघांना ऐकवला, काही न सांगता. बायकोने लिहिलं, ‘सणावारी माळ काढू’. माझ्या सहकाऱ्याने लिहिलं, ‘यंदा वारी काढू’. तिसऱ्याने ‘वारी’ आणि ‘काढू’ एवढंच लिहून मध्ये टिंबं दिली. तिघांत तिसराच बरोबर होता, कारण त्या तुकड्यात तेवढंच होतं. बाकीचं प्रत्येकाच्या मनाने भरलं.

याचं कारण सरळ आहे. श आणि स, ट आणि त, क आणि ख यांच्यातला फरक सांगणारे आवाज बारीक, वरच्या पट्टीतले आणि अशक्त असतात. लांबून येताना ते आधी बुडतात. स्वर दणकट, ते टिकतात. म्हणून वाक्याचा ठेका पोचतो, शब्द पोचत नाहीत, आणि ज्याला जे ऐकायचं असतं ते त्याला त्या ठेक्यावर ऐकू येतं. मालकाने माझ्याकडून मजकूर लिहून सही मागितली. मी दिली नाही. वॉचमनला पुढच्या आठवड्यात काढलंच. त्या माणसाने तेव्हा काय म्हटलं होतं ते मला आजही माहीत नाही. यंत्र खोटं बोललं नव्हतं, पण त्याच्याकडे नसलेलं उत्तर आम्ही त्याच्या तोंडी घातलं होतं.

तुमच्या कमिटीने हे यंत्र घेतलं तर झोत फक्त नाल्याकडे राहील, असं समजू नका. त्याच तबकडीसमोर मागच्या विंगच्या बाल्कन्या आहेत. स्क्रीनवर बोट सरकवणारा आज तुमचा विश्वासू सुपरवायझर असेल, उद्या एजन्सी बदलली की कोण असेल? नवरा-बायकोचं भांडण, कुणाच्या आजारपणाचं बोलणं, मुलीच्या लग्नाची बोलणी, हे सगळं त्याच्या कानाशी येईल. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदाही आला आहे आणि ज्यावरून माणूस ओळखता येतो असा आवाज हा त्या माणसाचा विदा, म्हणजे डेटाच आहे. सोसायटीने वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय एक शब्दही रेकॉर्ड करू नये असं मी म्हणेन.

कोर्टात पुरावा म्हणून उपयोग होईल ही आशाही तपासून घ्या. मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, मलकानी यांच्या खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने टेप ग्राह्य धरली, पण त्यासोबत अटी सांगितल्या. बोलणं विषयाशी संबंधित हवं, आवाज कुणाचा हे ओळखता आलं पाहिजे आणि टेपमध्ये फेरफार झाला नाही हे सिद्ध व्हायला हवं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, द्यावी लागते. अ‍ॅरेमधून निघालेला आवाज मुळातच गणित करून बनवलेला असतो. समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल की मूळ ६४ मायक्रोफोनांच्या फाइल कुठे आहेत. ६४ चॅनेल, सेकंदाला ४८,००० नमुने, २४ बिट, असं जपून ठेवायचं म्हटलं तर दिवसाला सुमारे ८०० जीबी होतात. बहुतेक यंत्रणा मूळ फाइल ठेवतच नाहीत.

आवाजाची नोंद वाईटच, असं माझं म्हणणं नाही. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात चित्राबरोबर आवाजही टिपणारे कॅमेरे लावायला सांगितलं. तिथे ती नोंद कोठडीतल्या दुबळ्या माणसाला वाचवण्यासाठी आहे आणि तिथे कॅमेरे आहेत हे लोकांना कळावं म्हणून फलक लावायचाही आदेश आहे. लपून ऐकणं वेगळं आणि सांगून नोंद ठेवणं वेगळं.

तर मग काय करायचं. गेटवर कोण काय बोललं याची नोंद हवी असेल तर गेटच्या खिडकीत एक साधा मायक्रोफोन लावा आणि ‘इथे आवाज रेकॉर्ड होतो’ अशी मराठी-हिंदी पाटी लावा. माणूस त्याच्यापासून दोन मीटरवर उभा असतो, म्हणजे तिथे ५४ डेसिबल मिळतात. तोच माणूस ३० मीटरवरून ऐकलात तर ३०. हा चोवीस डेसिबलचा फायदा ६४ मायक्रोफोनसुद्धा भरून काढू शकत नाहीत. आमच्या कामात जवळ जाण्यासारखं दुसरं काही नाही.

मागच्या भिंतीसाठी आठ किंवा सोळा मायक्रोफोनचा अ‍ॅरे घ्या, खांबावर चार मीटर उंचीवर, आणि त्याला फिरणारा कॅमेरा आणि एक झगझगीत दिवा जोडा. कापण्याचा, आपटण्याचा, काच फुटण्याचा आवाज आला की दिवा लागेल, कॅमेरा वळेल, केबिनमध्ये गजर होईल. चोराला पळवायला बहुतेक वेळा दिवाच पुरतो. आवाजाची ओळख यंत्रातच झाली पाहिजे, सर्व्हरवर सतत काही जाता कामा नये, आणि गजर झाला तरच दहा सेकंदांचा तुकडा साठवावा. करारात हे स्पष्ट लिहून घ्या. झोत हाताने फिरवून ऐकण्याची सोय बंद करून मागा, पासवर्डने लपवलेली नको.

गजर म्हणजे चोरी नव्हे, हेही सुपरवायझरच्या मनावर बिंबवा. अमेरिकेत शिकागो शहरात गोळीबार ओळखणारी शॉटस्पॉटर यंत्रणा होती. शहराच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या तिथल्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये अहवाल दिला. तपासलेल्या ५०,१७६ इशाऱ्यांपैकी फक्त ९.१ टक्क्यांत बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा पोलिसांना मिळाला. बाकी ठिकाणी गोळी झाडलीच नव्हती असं त्यावरून ठरत नाही, पण दर इशाऱ्याला पोलीस मात्र पाठवले गेले. तुमचा वॉचमन काठी घेऊन अंधारात धावणार आहे आणि समोर नाल्याकाठच्या झोपडीतलं पोर असू शकतं. आधी कॅमेऱ्यात बघायचं, मग निघायचं.

बसवताना काही गोष्टी जपा. खांब भिंतीच्या अगदी लगत नको, भिंतीवरून परतलेला आवाज दिशा चुकवतो. पत्र्याची शेड जवळ असेल तर पहिल्या पावसातच कळेल की तिथे काहीच ऐकू येत नाही. प्रत्येक मायक्रोफोनवर स्पंज हवा, नाहीतर वारा आत घुसून खालच्या पट्टीत नुसता धडधडाट करतो. जूनमध्ये नाल्यातले बेडूक आणि सप्टेंबरपासून रातकिडे यांची यंत्राला ओळख करून द्यावी लागते, म्हणून निदान दोन आठवडे ते नुसतं ऐकत ठेवा, गजर न जोडता. तापमानाने आवाजाचा वेग बदलतो. १० अंशांच्या पहाटे तो सेकंदाला ३३७ मीटर असतो, ४० अंशांच्या दुपारी ३५५. यंत्रात तापमानाचा सेन्सर नसेल तर कडेच्या दिशा दोन-तीन अंशांनी सरकतात. फिरत्या कॅमेऱ्याला तेवढं चालतं, पण विचारून घ्या.

आणि भोकं. मायक्रोफोनसमोर दोन-तीन मिलिमीटरची भोकं असतात आणि कुंभारीण माशीला ती फार आवडतात. एका गोदामात सोळा मायक्रोफोनांपैकी पाच एकाएकी बहिरे झाले. आम्ही सॉफ्टवेअर दोन दिवस उकरलं. शेवटी शिडी लावून वर गेलो तर पाचही भोकं चिखलाने नीट लिंपलेली, एकात अळीसुद्धा. बारीक जाळी लावलेलं यंत्र घ्या आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक मायक्रोफोन वेगळा तपासायचं कराराच्या देखभालीत लिहा. बेरजेत पाच मेलेले कळत नाहीत, फक्त झोत हळूहळू बिघडत जातो.

विक्रेता तरीही दीडशे मीटरवर ठाम असेल तर भांडू नका, चाचणी मागा. त्याच्या ऑफिसात नको, तुमच्याच आवारात, संध्याकाळी सात वाजता, रस्ता भरलेला असताना. टेपने १०, ३० आणि १५० मीटर मोजून खुणा करा. तुमच्यातल्या एकाने चिठ्ठ्या टाकून पन्नास शब्दांची यादी बनवावी. एकटे सुटे शब्द घ्या, वाक्य नको: दार, धार, काल, खाल, पाट, ताट, शाल, साल. दुसऱ्याने प्रत्येक खुणेवर उभं राहून साध्या आवाजात ती वाचावी. हेडफोन लावून लिहिणारा माणूस तुमचा असू द्या, त्याने यादी पाहिलेली नसावी. पन्नासपैकी किती बरोबर आले ते मोजा. १० मीटरवर बरेच येतील, ३० वर अंदाज सुरू होतील, १५० वर कागद कोरा राहील. विक्रेत्याचा माणूस शेजारी बसून “आता ‘दार’ म्हणाला बघा” असं सांगायला लागला तर त्याला उठवा, कारण त्यानंतर तुमच्या माणसालाही ‘दार’च ऐकू येईल.